शेवटचा शब्द पकडणारा

फ्रेंच बोलणाऱ्या मच्छीमारांच्या लांस-ग्रीझ गावात कुणाच्या लग्नात कोण बेसूर गायलं होतं, हे एद्मे हाशेला तीस वर्षांनीही सांगता यायचं. कानच तसा होता तिचा. उमेदीची अकरा वर्षं तिने हेरिंग मासे खारवण्याच्या कारखान्यात काढली, पण यंत्रांच्या खडखडाटातही पलीकडच्या रांगेतली कोण गुणगुणतेय, हे ती मान वर न करता ओळखायची. पुढे गावच्या छोट्या रेडिओ केंद्रात टेपा सांभाळायचं काम मिळालं आणि ती तिथेच रमली. केंद्र बंद पडलं तेव्हा सगळे कपाटं नि खुर्च्या उचलायला धावले. एद्मेने चारशे टेपा उचलल्या.

दुकानाची कल्पना वेंडेल क्रॉकरची. वेंडेल बाथर्स्टच्या शाळेतून निवृत्त झालेला संगणक शिक्षक, गावात घर घेऊन राहिलेला इंग्रज. वीस वर्षं झाली तरी तो इंग्रजीतच बोलायचा आणि एद्मे फ्रेंचमध्येच उत्तर द्यायची, दोघांचं कधी अडलं नाही. "लोकांना घरबसल्या गाणी उतरवून घेता येतील असं इंटरनेटवर दुकान काढू," तो म्हणाला. "दारं मात्र दोन हवीत. एक तुमच्या भाषेचं, एक आमच्या. एकात जे मिळेल तेच दुसऱ्यात."

"आणि गाण्यांची नावं इंग्रजीत कोण करणार?"

"मी."

"मग झालंच कल्याण. 'सासूने लाटणं लपवलं' याचं काय करशील तू?"

२००५ च्या मार्चमध्ये, बाहेर खिडकीच्या तावदानापर्यंत बर्फ साचलेला असताना, एद्मेच्या स्वयंपाकघरात दुकानाचं उद्घाटन झालं. गावचे मेयर आले, कोंबडीचा फ्रिको, म्हणजे बटाटे घातलेला रस्सा झाला, साखरेची पेस्ट्री झाली. पाहुणे बसले असतानाच संगणकावर व्हँकूवरहून पहिलं गिऱ्हाईक आलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुकानात सगळ्यात जुनी टेप होती ती १९५८ च्या फेब्रुवारीतली. शाळामास्तरांनी ओनेझीम शियासाँच्या घरी जाऊन भरलेली. खोक्यावर सहा गायकांची नावं होती, त्यात ओनेझीम होता आणि एद्मेचा बाप आल्सीदही होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'बेल-मारी' बोट बुडाली आणि ते सहाही जण गेले. एद्मे तेव्हा चार वर्षांची. बापाचा चेहरा तिला आठवत नव्हता, त्याचा आवाज तेवढा या टेपेत होता. चर्चच्या अंगणातल्या दगडावर त्या सहांची नावं कोरलेली आहेत.

दुकान सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील. वेंडेल एका सकाळी कागद घेऊन आला. चेहरा ओढलेला. "ही पाच पत्रं आलीत," तो म्हणाला. "पाचही इंग्रजी दारातून, पाच वेगवेगळ्या गावांतून. सगळ्यांचा एकच प्रश्न. खोक्यावर सहा नावं आहेत, मग सातवा कोण गातोय?"

"सातवा? कुठला सातवा?"

"तोच तर प्रश्न आहे. फ्रेंच दारातून असं एकही पत्र नाही. मी तपासलं, दोन्हीकडे टेप तीच आहे." त्याने कागद टेबलावर ठेवले. "एद्मे, मलाही सातच ऐकू येतात."

एद्मेला हसू आलं. बापाची टेप तिला तोंडपाठ होती. "बस इथे," ती म्हणाली आणि तिने टेप लावली. टेबलावर बटाटे होते. एकेक गळा ओळखून ती एकेक बटाटा पुढे सरकवत गेली. हा आल्सीद, हा ओनेझीम, हा त्याचा भाऊ. सहा बटाटे झाले. वेंडेल मात्र दर ओळीच्या शेवटी बोट उचलत होता. "आत्ता. हा बघ. आत्ता."

"अरे, ती खुर्ची आहे!" एद्मे म्हणाली. "खुर्ची करकरते ती. आई लहानपणापासून सांगायची मला, ओनेझीमच्या घरची खुर्ची आहे म्हणून."

वेंडेलने टेप मागे नेली, पुन्हा लावली. "खुर्ची कधी शब्द म्हणते का?"

त्या दिवशी एद्मेला शब्द ऐकू आला नाही. करकरच ऐकू आली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती लामेकच्या वृद्धाश्रमात गेली. ओनेझीमची विधवा, रोझाल्बा, तिथे होती. एद्मेच्या आईची मावसबहीण. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, नजर गेलेली, जीभ मात्र शाबूत.

"मावशी, तुमच्या घरात ती करकरणारी खुर्ची कुठली होती गं?"

"खुर्ची? आमच्याकडे खुर्च्या कुठे होत्या, भवाने? बाकं होती. भिंतीला ठोकलेली." म्हातारी हसली. मग हात चादरीवर फिरवत म्हणाली, "आईने खुर्ची सांगितलं होय तुला?"

मग तिने सांगितलं. सायलस पार्डी नावाचा माणूस होता. न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्याचा, पस्तिशीचा, इंग्रजी बोलणारा. ओनेझीमने बोटीवर कामाला ठेवलेला. वर्षभर त्यांच्याच घरी जेवला, माळ्यावर झोपला. "आमची भाषा येत नव्हती त्याला. गाणं सुरू झालं की तोंडाकडे बघत बसायचा आणि ओळीचा शेवटचा शब्द तेवढा पकडायचा. सगळे हसायचे."

"बोटीवर होता तो? त्या दिवशी?"

"होता."

"मग दगडावर त्याचं नाव का नाही?"

"सहा प्रेतं सापडली. सहा घरांत रडारड. फादरनी नावं विचारली, तेव्हा ज्याने त्याने आपापलं सांगितलं. त्याचं सांगायला कुणी नव्हतं. दगड बसल्यावर आठवलं आम्हाला." म्हातारीने चादर वर ओढून घेतली. "वर्षाने त्याच्या बहिणीचं पत्र आलं. तो कुठे आहे म्हणून. उत्तर दिलं असतं तर आधी का कळवलं नाही, तेही सांगावं लागलं असतं. कुणी दिलं नाही. मग तो होता हेच कुणी बोलेनासं झालं."

एद्मे घरी आली आणि अंगातला कोटही न काढता तिने टेप लावली. पहिली ओळ संपली. खुर्ची नव्हतीच. एक जाड, खोल, बुजरा आवाज होता, शब्दाचं नुसतं शेपूट धरून आलेला. बापाच्या अगदी शेजारी बसलेला असावा. सत्तेचाळीस वर्षं तो तिथे गात होता आणि गावात सगळ्यांत तिखट कानाच्या बाईने त्याला लाकूड समजून सोडून दिलं होतं.

तिने दोन्ही दारांत सातवं नाव घातलं. रोझाल्बाला त्या किनाऱ्यावरच्या खेड्याचं नाव आठवत होतं, तिथे वेंडेलकडून इंग्रजीत पत्र लिहून पाठवलं. बहीण वारली होती. भाचीचं उत्तर आलं. आई मरेपर्यंत टपालाच्या दिवशी दाराशी उभी राहायची, एवढंच तिने लिहिलं होतं. खाली सही. आभार नाहीत, राग नाही. एद्मेने ते पत्र फादरना आणि मेयरना वाचायला लावलं. जूनमध्ये दगडावर सातवं नाव कोरलं गेलं. जागा उरली नव्हती, म्हणून कडेला, उभ्या अक्षरांत.

इथे हे संपायला हवं होतं.

जुलैत एद्मे १९६३ ची टेप दुकानात चढवत होती. एका लग्नातली, गावच्याच बायकापुरुषांची. दुपारचं लख्ख ऊन होतं, खिडकी उघडी होती. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तिचा हात थांबला. जाड, खोल, बुजरा आवाज. शेवटचा शब्द.

तिने टेप बंद केली. खोक्यावरचं साल पुन्हा वाचलं. मग एकेक करून पुढची वर्षं काढली. १९६९ च्या ईस्टरच्या टेपेत तो अर्धी ओळ म्हणत होता. १९७७ मध्ये, कारखान्याच्या सहलीत, अख्खं कडवं. आणि नुसतं कडवं नाही, लांस-ग्रीझच्या माणसासारखं, 'र' घोळवून, वाक्याला गावचा हेल देऊन. एवढी सगळी वर्षं तो कुठे बसून शिकत होता?

वेंडेलने तिन्ही टेपा ऐकल्या. कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "मी हिशोबापुरता येत जाईन," तो म्हणाला. "ऐकायचं काम तुझं."

"घाबरलास?"

"हो. तू नाही?"

एद्मेने टेपांची खोकी पुढे ओढली. त्या टेपांवरही तिने त्याचं नाव घातलं. गावात कुजबुज झाली. बेकरीत कुणीतरी म्हणालं, "एद्मेबाईंच्या दुकानात मेलेल्यांनाही काम मिळतं बरं." ती पाव घेऊन निघून आली.

पुढच्या वर्षी नवा मायक्रोफोन आला. सकाळी अकराच्या सुमाराला, घरात एकटी असताना, चालतो की नाही बघायला तिने बापाचं एक गाणं म्हटलं, टेपेत नसलेलं. आई म्हणायची ते. तिसऱ्या कडव्यात ती अडखळली. चौथी ओळ तिला कधीच आठवत नसे, आईलाही आठवायची नाही, गावात कुणालाच येत नव्हती. ती थांबली, हसली आणि पुढच्या कडव्याला लागली.

मग भरलेलं ऐकायला बसली. तिचा आवाज अडखळला, थांबला. आणि गाणं थांबलं नाही. जाड, खोल आवाजात चौथी ओळ आली, सावकाश, एकही शब्द न चुकवता, शिकवावी तशी. आता तो बुजरा नव्हता. ओळ संपल्यावर त्याने श्वास घेतलेलाही ऐकू आला, आणि मग तिचंच हसणं.

पाठीमागे बघायचा तिला धीर होईना. मग तिने पेन्सिल घेतली, टेप पुन्हा लावली आणि ती ओळ कागदावर उतरवून घेतली. ही ओळ बापच म्हणत असणार, आणि त्याच्या शेजारी बसून सायलसने ती ऐकली असणार. रडू आलं ते भीतीचं होतं की कसलं, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

ते गाणं तिने दुकानात ठेवलं. तिच्या आणि सायलसच्या अशा दोन नावांनी, दोन्ही दारांत. आज तेच सर्वांत जास्त खपतं. फ्रेंच दारातून आता पत्रं येतात, हा आपल्याकडचा गोड गळा कुणाचा म्हणून. एद्मे प्रत्येकाला स्वतः उत्तर लिहिते. सायलस पार्डी, लांस-ग्रीझचा. तो हयात आहे का, असं विचारणाऱ्यांना मात्र ती काहीच कळवत नाही. आणि स्वयंपाकघरात भांडी घासताना गुणगुणायची तिची सवय होती, ती तिने सोडून दिली आहे.