बायडाआत्याचं कासव आणि तीन वाफे

बायडाआत्याला जाऊन परवा दोन महिने होतील. तिची गोष्ट उसापासनं सुरू करावी, का म्हशींपासनं, का तिच्या नवऱ्याच्या, दत्तोबामामांच्या, हिरीवरच्या मोटारीपासनं, काय कळत नाय. बाई सत्याहत्तर वर्षं जगली. पण सगळी जमली तेव्हा ज्यानं त्यानं एकच काढलं, आत्याचं कासव. रडता रडता हसायला लागली सगळी. मग कासवाचीच सांगावी.

मांजरी गावात आत्याचं तीन खोल्यांचं घर. पुढं पडवी, मग मधली खोली, मागं सैपाकघर. खाली शहाबादी फरशी. एका अंगाला बारा मजल्याची बिल्डिंग, दुसऱ्या अंगाला चौदा मजल्याची, आणि मधी हे घर. मामांनी स्वतः मिस्त्रीच्या हाताखाली विटा देऊन बांधलेलं. मामा गेले. पोरगा साईनाथ नोकरीपायी विश्रांतवाडीला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधी गेला. आत्या हलली नाय. "चौथ्या मजल्यावर माणसं राहत्यात व्हय? चिमण्या राहत्यात," म्हणायची.

मग उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, उकिडवं बसायचं नाय, वाकायचं नाय. आता जिनं साठ वर्षं केरसुणी मारली तिला वाकू नको म्हणजे काय! कामवाल्या लावल्या. दोन महिन्यात तीन गेल्या. पहिलीला आत्या म्हणली, "बाई, तू कोपरे सोडतीस, का कोपरेच तुला बघून पळत्यात?" दुसरी दिवेलागणीला केर काढायला आली, तिला उंबऱ्यातनंच माघारी लावली. दिवे लागल्यावर केर काढला की लक्ष्मी बाहेर जाती, हे आत्यानं शेवटपर्यंत पाळलं. तिसरी आपणहून गेली. म्हणली, "बिल्डिंगीत घरात कुणीच नसतं, कुणी बोलत नाय. तिथंच बरं."

मग व्हायचं तेच झालं. एका रविवारी साईनाथ न सांगता आला, तर आई पडवीत वाकून केर काढतीय. त्यानं दारातच हात जोडले.

"चालू दे, चालू दे. मी डॉक्टरला फोन करतो. म्हणतो, गुडघा फुकट गेला, काढून न्या."

"आरं, एवढासा तर केर..."

"आई, बास झालं. कपडे भर. आजच विश्रांतवाडीला चल."

आत्या जाऊन पलंगावर बसली. ह्या भितींना मामांचा हात लागलेला. पहाटं दार उघडलं की समोर तिची तुळस, तिचा पेरू. ते सोडून चिमण्यात जाऊन बसायचं?

सून पूर्णिमा मधी पडली. ती हाफिसात कामाला, बोलणं मोजकं, पण डोकं लई शांत. "अहो, दसऱ्यापर्यंत थांबा. आमच्या मॅडमकडे केर काढायचं मशीन आहे, आपोआप फिरतं. ते आणू. आई वाकल्या नाहीत आणि घर स्वच्छ राहिलं तर राहू दे त्यांना इथं. नाहीच जमलं, तर मी स्वतः त्यांची बॅग भरते."

"दसऱ्याला जेवायला येतो," साईनाथ म्हणला. "तेव्हा बघतो."

पुढच्याच आठवड्यात मशीन आलं. परात पालथी घालावी तसं, काळं, गोल. त्याचं एक बसायचं ठाणं, ते भितीला टेकवून वायर लावून ठेवायचं. दमलं की मशीन आपणहून ठाण्यावर येऊन बसणार आणि लाईट खाणार. आत्या बघतच राहिली. "हे तर देवळातलं कासव," म्हणली, आणि तेच नाव पडलं.

साईनाथनं मोबाईलवर काय काय दाबलं आणि त्याला सगळ्यात मोठ्या जोरावर सोडलं. "डब्यावर दोन तास लिहिलंय," म्हणला. कासव भोंग्यावानी वरडत सुटलं. चाळीस मिनटं झाली नाय तर मधल्या खोलीत पलंगाखाली जाऊन गप पडलं. सैपाकघरात तर पोचलंच नाय.

"झालं," साईनाथ म्हणला. "आई, एक बॅग पुरंल का दोन?"

"दसऱ्याला अजून महिना हाय," आत्या म्हणली, आणि काठीनं कासवाला बाहेर ओढलं.

पण दुसऱ्या दिवशी तर कासव वीस मिनटंच चाललं. तिसऱ्या दिवशी पडवीतच बसलं. आत्यानं पूर्णिमाला फोन लावला.

"आई, चार्जिंगला किती वेळ ठेवता?"

"ठेवते की. च्या होईस्तवर."

"चहा होईस्तोवर?"

"आणि मग बटण बंद करते. माणूस जवळ नसताना लाईटचं बटण चालू ठेवत नाय मी."

हे खरं होतं. मागं एकदा मामा मोटार चालू ठेवून भाकरी खायला घरी आले आणि तेवढ्यात हिरीवरची मोटार जळाली. तवापासनं ह्या घरात बटण म्हणजे, काम झालं की बंद. आत्या कासवाला घटकाभर खाऊ घालायची आणि बटण दाबायची. बिचारं रोज उपाशीपोटी कामाला.

"अहो आई, त्याला पोट भरायला पाच तास लागतात."

"पाच तास! आगं म्हशीला बी एवढा येळ लागत नाय."

"म्हशीच्या रवंथाचा वेळ धरला का?"

आत्यानं म्हैस डोळ्यापुढं आणली. "ते बी खरंच हाय म्हणा."

मग आत्यानं काय केलं, खुर्ची घेतली, मधल्या दारात मांडली, काठी आडवी मांडीवर, आणि भितीवरच्या घड्याळाकडं बघत बसली. तीन दिवस नुसतं बघत होती. जोरावर ठेवलं की चाळीस मिनटं. बारीक आवाजावर ठेवलं की दीड तास. डब्यावर दोन तास लिहिलेलं, पण शहाबादीच्या सांध्यात चाकं गचके खात्यात, तिथं दम जातो. खायाला मात्र कसंबी पाच तासच. दीड तास काम, पाच तास खाणं. आणि तीन खोल्या काय दीड तासात होत नायत, एक राहतीच.

चौथ्या दिवशी एकदम मांडीवर थाप मारून उठली. ऑपरेशनचा गुडघा विसरून उठली, म्हणून मग परत बसली.

शेताची लाईट काय दिवसभर कधी होती? आठ तास यायची, ती बी कधी दिवसा कधी रात्री. तेवढ्यात आख्खा ऊस कुणाचा भिजलाय? दोन वाफे आज, राहिलेला पुढच्या लाईटीला. बांध घालून पाणी एका वाफ्यात कोंडायचं, तो भरला की बांध फोडून दुसऱ्यात. ह्यालाच दारं धरणं म्हणत्यात. आत्यानं चाळीस वर्षं मामांच्या बरोबर दारं धरली होती. आणि साईनाथ ह्या कासवाला म्हणतोय, एका दमात रान भिजव!

त्या दिवसापासनं घराचे तीन वाफे झाले. सकाळी सातला कासव सोडायचं. मधल्या दाराला बसायचा लाकडी पाट आडवा, म्हणजे बांध. पडवी झाली की काठीनं पाट सरकवायचा, मधल्या खोलीत सोडायचं, पडवीकडनं पाट. साडेआठला ठाण्यावर. दीड वाजता पोट भरलं की सैपाकघर. तीनच्या आत रान भिजलं, दिवेलागणीला कासव चिडीचूप. दर गुरवारी लाईट जायची, त्या दिवशी कासवाला सुट्टी. "बैलाला सोमवारी नांगराला जुपत नाय, तसं ह्याचा गुरवार," म्हणायची.

घरामागच्या वेगळ्या खोलीत यवतमाळकडची सुशीलाबाई भाड्यानं राहायची. ती रोज दारात उभी राहून बघायची. "मावशी, तुमी तं त्याच्यासंग बोलता बी!"

"मग? मुक्या जनावराशी बोलावंच लागतं."

राहिलेला महिना असा गेला की आत्याला केरसुणीची आठवण बी झाली नाय. मग आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं, अवजारं पुजायची. आत्यानं पाटावर विळा मांडला, खुरपं मांडलं, मामांचा मोठा पाना मांडला, मिक्सर ठेवला. आणि दुपारचं काम उरकून दमून आलेलं कासव, ठाण्यावर बसायच्या आधीच लांब दांड्याच्या सुपलीनं उचलून ते बी मांडलं. त्यानं तर तिचं घर राखलं होतं.

"माय, याचं तोंड कोणतं वो?" सुशीलाबाईनं विचारलं. "कुंकू कुठं लावाचं?"

आत्यानं इचार केला. मागच्या अंगाला दोन चकचकीत पट्ट्या होत्या, त्या ठाण्याला टेकल्या की कासव लाईट खायचं. "ज्यानं खातंय ते तोंड," आत्या म्हणली. आणि त्या पट्ट्यांवर ओलं हळदकुंकू लावलं. वर नैवेद्य म्हणून मांजरीच्याच गुळाचं बोट लावलं, बैलाच्या तोंडाला लावत्यात तसं. चांगलं चोळून. झेंडूची माळ घातली, सांच्याला माळ काढून परत ठाण्यावर बसवलं.

दसऱ्याला सकाळी सहाला आत्या उठली. घरभर झेंडूच्या पाकळ्या, पूजेचे तांदूळ. साईनाथ साडेदहाला येणार होता. तिनं काठीच्या टोकानं कासवाचं बटण दाबलं. कासव ठाण्यावरनं उतरलं, दोन हात चाललं, एकदा कण्हलं आणि मेलं.

बटण बघितलं, चालू. वायर बघितली, नीट. महिनाभर राबलं आणि आजच? आता परत भरायला पाच तास, म्हणजे अकरा, आणि साईनाथ साडेदहाला दारात. तिची नजर दारामागं गेली. तिथं केरसुणी होती. दहा मिनटांचं काम. कोण बघतंय? उठून तिथपर्यंत गेली, हात पुढं केला, आणि थांबली. केरसुणीपासनं भितीपर्यंत कोळ्यानं ह्ये एवढं जाळं विणलं होतं. महिनाभरात हात लागला नव्हता त्याचं ते जाळं. आत्याच्या घरात कोळ्यानं जाळं विणायचं म्हणजे इतिहासात पहिल्यांदा. ते तोडायला तिचा हात होईना. माघारी फिरली.

आणि खुर्चीत टेकली तर काय, फरशीवरनं मुंग्यांची रांग निघालेली. उंबऱ्यापासनं सरळ कासवाच्या तोंडापर्यंत.

"आगं बया! गूळ!"

सुपलीनं कासव उचललं, मांडीवर घेतलं. दोन्ही पट्ट्यांवर गुळाचा चिकटा, त्यावर हळदकुंकवाचं वाळलेलं पापुद्रं. लाईट जाईल कुठनं? मामांचं आठवलं. मोटारीच्या स्टार्टरमधी मळ बसला की मोटार धरायची नाय, मामा पट्ट्या घासून साफ करायचे, आधी मेन बंद करून. आत्यानं आधी बटण बंद केलं. ठाण्याच्या पट्ट्या तर काठीला कपडा गुंडाळून पुसल्या. कासवाचं तोंड पदरानं ओलं पुसलं, मग कोरडं, मग परत कोरडं. मुंग्यांना म्हणली, "जा आता, दसरा झाला तुमचा." ठाण्यावर बसवलं, बटण दाबलं. निळा दिवा लागला.

घड्याळात सात वाजले होते. दहापर्यंत तीन तास. पाच तासाला दीड तास काम, तर तीन तासाला पाऊण-एक तास. म्हणजे एक वाफा पुरा आणि दुसऱ्याच्या तोंडाला ओलावा. बरोबर दहाला तिनं कासव पडवीत सोडलं, बारीक आवाजावर.

साडेदहाला साईनाथ आणि पूर्णिमा आपट्याची पानं घेऊन आले. पडवी आरशावानी. आत्या मधल्या दारात खुर्चीवर, आडवा पाट, हातात काठी. साईनाथनं पाया पडून डोकं वर केलं आणि मधल्या खोलीत बघितलं. पाकळ्या, तांदूळ, एक केळीचं साल.

"हे काय आई? झाली का पूर्णिमा, बॅग भरायची तयारी?"

"त्या वाफ्याची दुपारला लाईट हाय," आत्या म्हणली.

"काय?"

"सकाळच्याला पडवी भरली. आता कासव खायाला बसंल. चारला मधला वाफा, मग सैपाकघराचा. मी दारं धरून बसलीय, दिसत नाय का तुला?"

साईनाथ हसायला गेला आणि त्याचं हसूच अडकलं. शाळेत असताना तो बी आईच्या मागं कंदील घेऊन दारं धरायला जायचा. त्यानं वाकून तो आडवा पाट बोटानं चाचपला.

"आणि वाकलीस का नाय, ते कसं कळायचं मला?" आवाज जरा उतरला होता.

"दारामागं बघ."

त्यानं बघितलं. जाळं, जाळ्यात मधोमध कोळी. "आई, तू घरात जाळं ठेवलंस?"

"पुरावा म्हणून ठेवलंय. साहेब येणार होते ना तपासणीला."

पूर्णिमा एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग आत्यानं गुळाचं सांगितलं तेव्हा साईनाथ बी फरशीवर बसून हसला. जेवून निघणार होता, निघालाच नाय. पुरणपोळी खाऊन पलंगावर आडवा झाला. चारला कासव उठलं तसा तो बी उठला, आणि पाट त्यानं सरकवला. "आई, बांध फोडू का?" म्हणून वरडला. साडेपाचला सैपाकघर झालं. दिवे लागायच्या आत रान भिजलं.

जाताना त्यानं मोबाईलवर येळा लावून दिल्या, सकाळी सात आणि दुपारी दीड, बारीक आवाज. आणि केरसुणीपाशी जाऊन बोटानं जाळं काढलं. "साहेबांनी तपासलं," म्हणला. "पास."

आत्या त्याच्यानंतर दीड वर्ष त्या घरात राहिली. पहाटं उठायची, तुळशीला पाणी, सातला खुर्ची. गेली ती बी तिथंच, तिच्या पलंगावर, झोपेत. जसं पाहिजे होतं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत बायका बसल्या होत्या, गळ्यात गळा घालून रडणं चाललेलं. तेवढ्यात सात वाजले. मशीन बंद करायचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. कासव गुरगुरत ठाण्यावरनं उतरलं आणि सरळ बायकांच्यात शिरलं. सुशीलाबाईनं रडता रडता पाय वर घेतले. तिच्या बाजूच्या सगळ्यांनी घेतले. कुणीतरी म्हणलं, आरं बंद करा ते, अशा येळेला बरं दिसत नाय.

साईनाथ मधल्या दारात आत्याच्या खुर्चीपाशी उभा होता. डोळे पुसले त्यानं, आणि पाट आडवा लावला.

"राहू द्या," म्हणला. "सातचा वाफा हाय त्याचा."