नानाभाऊ आणि उद्योगाची सरासरी

नानाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले असतील. मी घाण्यामागच्या खोलीत आमच्या तेलाच्या पेजचा महिन्याचा अहवाल पाहत होतो. फोन बायकोचा होता. "दादा गेला," एवढंच ती म्हणाली. झोपेतच गेले होते. मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि अहवालाच्या उरलेल्या तीन ओळी वाचून काढल्या. मग उठलो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सव्वा महिना झाला, अजून रडू आलेलं नाही. त्या तीन ओळी मात्र पाठ आहेत.

नानाभाऊ माझ्या बायकोचे थोरले भाऊ. आर्वीच्या एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीत त्यांची सगळी नोकरी झाली. कोणती गाडी किती वाजता, कुठे थांबणार, हे ते कागद न पाहता सांगत. मी लाकडी घाण्यावर जवसाचं, शेंगदाण्याचं तेल काढतो. बाटल्यांवर नाव घातलं, सोशल मीडियावर पेज उघडलं, पण ते सांभाळायला कोणी नव्हतं. नुकतेच निवृत्त झालेले नानाभाऊ म्हणाले, "द्या माझ्यापाशी. चौकशीचंच काम हाय ना?" मग ते घाण्यासमोर उभे राहून डेपोतल्या आवाजात सांगू लागले... "प्रवाशांनी लक्ष द्यावे, जवसाचे तेल कढईत तापवू नये, गरम भाकरीवर घ्यावे." लोक हसायचे, तो व्हिडिओ एकमेकांना पाठवायचे आणि तेलही मागवायचे.

त्याच सुमारास मी नागपूरला छोट्या उद्योजकांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलो. बेंचमार्क हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. आपल्या क्षेत्रातल्या ब्रँडची सरासरी काय, शंभर जणांनी पोस्ट पाहिली तर किती जण लाइक करतात, किती जण काही विचारतात, किती जण पुढे पाठवतात, ते घ्यायचं आणि आपलं पेज त्याच्याशी ताडून पाहायचं. मला ते पटलं. खरं सांगायचं तर आजही पटतं. घरी येऊन मी तक्ता केला. एका रकान्यात 'उद्योग', दुसऱ्यात 'आपण'. बाकी ठीक होतं, पण कॉमेंटच्या ओळीत आमच्याकडे जवळपास काहीच नव्हतं. दर सोमवारी मी तो तक्ता नानाभाऊंसमोर ठेवू लागलो.

"हे सरासरी कोनाची हाय, जवाईबापू?"

"खाण्याच्या वस्तूंच्या ब्रँडची. देशभरातल्या."

"म्हंजे चिप्सवाला, बिस्कुटवाला अन् तुमचा घाना एकाच गाडीत बसवला? अन् वरून म्हनता, घानेवाला मांगं काऊन राह्यला!"

घाण्यावरचे दोघे-तिघे हसले. मला ते लागलं. मी म्हणालो, "चेष्टा नको, भाऊ. लोक आपल्याला काही विचारतच नाहीत."

"विचारत नाई?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दिवसभर विचारून राह्यले ना, बापा."

"मग दिसत काऊन नाही? आकडा खोटं बोलतो का?"

ते मोबाइलवर कोणाला तरी उत्तर लिहू लागले. वाद न घालण्याला मी कबुली समजलो. दोन महिन्यांनी घाण्यावरच्या सगळ्यांसमोर, बायकोसमोरही, म्हणालो की भाऊंच्या हातून हे होत नाही. आणि पेज नागपूरच्या एका जाणकार बाईंकडे दिलं. नानाभाऊंनी पासवर्ड कागदावर ठळक अक्षरात लिहून दिला. "गाडी वेळेवर सोडजा म्हंजे झालं," म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

तिसऱ्या आठवड्यात त्या बाईंचा फोन आला. "आधीच्या काकांनी कॉमेंट पुसून टाकल्यात का? पेजच्या ईमेलमध्ये कॉमेंट आल्याच्या सूचना ढीगभर आहेत आणि पेजवर काहीच नाही." मी तो ईमेल उघडला. सेलूची एक बाई, हिंगणघाटचे एक मास्तर, पुण्याला शिकणारी अल्लीपूरची एक मुलगी... तेल कडू लागतं का, आईला गुडघ्याला लावू का, बाटली उन्हात राहिली तर काय करू. नानाभाऊ उत्तर देत, गरज पडली तर नंबर मागून फोन करत, आणि समाधान झालं की तो प्रश्न पुसून टाकत. चौकशीच्या खिडकीवर उत्तर मिळालेला माणूस बाजूला होतो, मागच्याला जागा देतो. त्यांनी रांग मोकळी ठेवली होती. मी मोकळी जागा मोजत होतो. सरासरी खोटी नव्हती. 'आपण' या रकान्यात काय येतंय आणि काय गळतंय, हे मी विचारलं नव्हतं. विचारायला शेजारच्या खुर्चीपर्यंतच जायचं होतं.

हे कळलं तेव्हा पोळा आटोपला होता. नानाभाऊ संक्रांतीनंतर गेले. मधल्या काळात मी दर रविवारी त्यांच्याकडे चहाला जात होतो. पाऊस, गुडघे, डेपोतली जुनी माणसं, सगळ्यावर बोललो. एकदा त्यांनी विचारलं, "पेज कसं चालून राह्यलं?" मी म्हणालो, "बरं आहे." ज्या लोकांसमोर मी त्यांना कमी ठरवलं होतं, त्याच लोकांसमोर ते मागे घ्यावं लागलं असतं. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत राहिलो. त्या लोकांतले बरेच जण वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, म्हणून हे इथं लिहितो आहे. चूक माझी होती. नानाभाऊ आपलं काम चोख करत होते.

तेरवी झाल्यावर हे मी वहिनींना, म्हणजे नानाभाऊंच्या पत्नीला, सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"त्याहिले मालूम होतं, भाऊजी. त्या नागपूरवाल्या बाईनं त्याच दिवशी इथंबी फोन केलता. काऊन पुसलं म्हून विचारत होती. तुमाले सांगतलं म्हनून बी बोलली."

"मग... मला काही बोलले नाहीत?"

"नाई. रविवारी तुमची मोटरसायकल वाजली का टीव्ही बंद करत. मले म्हनत, आवाज नोको करू, आज जवाईबापू सांगतीन."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. तुम्ही गेले का लावत परत."

मी अजूनही रविवारी जातो. वहिनी चहा देतात, साखर पूर्वीइतकीच. मोटरसायकलचा आवाज आत पोचतो, पण आता टीव्ही चालूच असतो. मी समोर बसतो. हवामानाचा अंदाज येतो, मग बाजारभाव, मग जाहिराती... कप रिकामा होईपर्यंत पाहत राहतो.