लोणच्याच्या बरणीतल्या चाब्या

खरं सांगते, त्या तीन दिवसांत कोण कोणाशी भांडत होतं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. लिहिता लिहिता उमगलं तर बरंच.

आमचं घर सिहोऱ्याच्या रस्त्याला लागून. बाजूच्या मोकळ्या जागेत शेठच्या चार गाड्या उभ्या राहतात, धान भरून मिलला नेणाऱ्या. माझा माणूस होता तेव्हा तो शेठच्या बापाची गाडी चालवायचा, आता माझा मुलगा शेठची चालवतो. शेठ म्हणजे कोणी लांबचा नाही. लहानपणी आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून माझ्या हातचा भात खाल्लेला. अजून काकीच म्हणतो. गाडी लावली की ड्रायव्हरनं चाबी आमच्या घरी टाकायची आणि मग घरी जायचं, ही रीत जुनीच. एक रिकामी लोणच्याची बरणी आहे, तिच्यात.

मागच्या हंगामात शेठनं सांगितलं, आता भरल्या गाडीचाच भत्ता मिळेल, मिलवरून रिकामी गाडी आणायचा बंद. म्हणजे फेरीची कमाई अर्धी झाली की हो! थोरला ड्रायव्हर त्याला तोंडावरच म्हणाला, "शेठ, येताना गाडी मिलवरच ठेवून पायी येऊ का?"

शेठ म्हणाला, "या. तब्येत चांगली राहीन."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या भरलेल्या, आणि चौघं ड्रायव्हर माझ्या दारात. चारी चाब्या बरणीत टाकल्या. माझा मुलगा म्हणाला, "माय, आता ह्या आम्हाले विचारल्याशिवाय कोणाले देऊ नको. शेठ आला तरी नाही."

मी म्हटलं, "अन् त्यानं रागावून तुले कामावरून काढलं तर?"

"तू फक्त बरणी सांभाळ."

शेठ दुपारी आलाच. चपला काढून सपरीत बसला. चहा घेतला. मग म्हणाला, "काकी, चाब्या द्या."

"नाही देत बापा."

"काहून?"

"पोरांनी नाही म्हटलं."

"काकी, मिलवाला मले भरल्या गाडीचंच भाडं देते. रिकाम्या गाडीचं मले कोण देते?"

बाई, मला तेही पटलं! माझं हेच वाईट, जो शेवटी बोलतो त्याचं मला पटतं. पण चाब्या नाही दिल्या. बरणी समोरच्या फळीवर होती, त्यानं हात लांबवला असता तर मिळाली असती. बरणीकडे पाहिलं, चहाचा कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बपेरा गावाच्या बाजूनं आभाळ भरून आलं. गाड्यांवर धानाचे पोते, आणि ताडपत्र्या अर्ध्याच बांधलेल्या. मी ओरडेपर्यंत चौघं पळत आले नि गाड्यांवर चढले. अन् काय पाहते, खाली दोरी ओढायला शेठ! वरून माझा मुलगा त्याच्यावर खेकसतो, "ढिली काहून सोडता, ताणा ना!" आणि शेठ मुकाट्यानं ताणतो. चारी गाड्या झाकून झाल्या. मग कोणी कोणाशी न बोलता आपापल्या घरी. मी म्हटलं, हे भांडण आहे का काय आहे?

पाऊस चार थेंब पडून गेला. मी तांदूळ निवडत बसले होते, आणि एकदम आठवलं. माझ्या माणसाची चाबी एकदा कुठेतरी पडली होती, तेव्हा शेठच्या बापानं आपल्या कपाटातून दुसरी काढून दिली होती. प्रत्येक गाडीची दुसरी चाबी मालकाकडे असते! मुलगा जेवायला बसला तेव्हा विचारलं. त्याचा घास हातातच राहिला.

"हाव ना माय," तो म्हणाला. "हे आमच्या चौघांच्या डोक्यातच नाही आलं."

चार मोठे ड्रायव्हर, आणि एकाच्याही डोक्यात नाही! कोणतेही चार ड्रायव्हर आणून शेठ पहिल्याच दिवशी गाड्या नेऊ शकत होता. मग माझ्यापुढं बसून कशाला मागत होता? मुलगा म्हणाला, त्याले ड्रायव्हर भेटले नसतील. मग म्हणाला, भेटलेही असते. जेवण झालं तरी आमचं काही ठरेना.

तिसऱ्या दिवशी शेठ आला. आज चाब्या मागितल्याच नाहीत. मीच विचारलं, "दुसऱ्या चाब्या तुह्या घरी हायेत ना? मग मले काहून मागत होता?"

त्यानं चहाचा घोट घेतला. म्हणाला, "काकी, आज चहात साखर कमी हाये."

मी साखर आणून दिली. त्यानं ढवळली, प्यायला, आणि म्हणाला, "बोलवा त्याईले."

चौघं आले, उभेच राहिले. शेठ म्हणाला, "येतानाचा भत्ता पहिल्यासारखा भेटन. काढा चाब्या." एवढंच. थोरल्या ड्रायव्हरनं बरणी उलटी केली. तासाभरात गाड्या रस्त्याला लागल्या.

का मानला तो? मिलवाल्याची घाई होती? ताडपत्र्यांमुळे? मला ठाऊक नाही. मुलाला विचारलं तर म्हणतो, आम्ही जिंकलो. मग आठवड्यानं शेठ येऊन त्या दुसऱ्या चार चाब्याही माझ्या हातात देऊन गेला. "ह्याही तुमच्या बरणीत ठेवा, काकी."

आता आठ चाब्या माझ्याकडे. हा माझा मान, की मला त्यानं बिनपगारी चौकीदार केलं? सून म्हणते मान. शेजारीण म्हणते चौकीदार. मी बरणी धुऊन घेतली, तेल लागत होतं चाब्यांना.

आता शेठ कधी चाबी मागायला आला की मी आधी विचारते, "येतानाचा भत्ता दिला का?"

तो म्हणतो, "देला, काकी."

मग मी मुलाला हाक मारून विचारते, आणि तो हो म्हणाला की बरणीचं झाकण काढते.