दारापासून खाटा, खिडकीपासून सेन्सर

ऑफिसात त्यांना सगळे काकू म्हणतात. त्यांच्या मुलाच्या वयाचा साहेबही काकूच म्हणतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या खाटा उबदार ठेवणाऱ्या यंत्रणेचा प्रोग्राम काकूंनी लिहिला.

त्यांची प्रोग्रामिंगची भाषा कडक. आकड्यांच्या प्रत्येक रांगेचा, म्हणजे अ‍ॅरेचा, टाइप, म्हणजे प्रकार, आधी जाहीर करावा लागतो. काकूंनी दोन टाइप केले होते: एक खाटांच्या तापमानाचा, एक सेन्सरच्या आकड्यांचा. दोन्हींत कप्पे तेवढेच, आकडेही त्याच जातीचे. तरी एक अ‍ॅरे दुसऱ्यात भरू लागलं की प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर अडवायचा. काकू त्याला सासूबाई म्हणत.

“अहो काकू, दोन्ही सारखेच आहेत की! सासूबाईंचं काय बिघडतंय?”

“आडनाव एक म्हणून घर एक होत नाही, साहेब.”

“मग रूपांतर करा. एक शब्द तर लिहायचा. परवा वॉर्डात लावायचंय.”

रूपांतराला ही भाषा हरकत घेत नाही. लांबी आणि आकड्यांची जात जुळली की पहिला कप्पा पहिल्यात जातो, दुसरा दुसऱ्यात. काकूंनी तो शब्द लिहिला. सासूबाई गप्प झाल्या. चाचणीला सगळ्या खाटांवर सारख्याच कोमट पाण्याच्या पिशव्या होत्या. सगळं बरोबर आलं.

वॉर्डातून पहिल्याच दुपारी सिस्टरचा फोन आला. “दाराजवळचं बाळ गार पडलंय, आणि तुमचं यंत्र म्हणतंय छान ऊब आहे. हात लावून बघ म्हणावं त्याला!” बाळाला तिने जुन्या दिव्याखाली हलवलं होतं.

काकू तडक गेल्या. सिस्टर खाटा दारापासून मोजत होती. वायरमनने सेन्सर खिडकीपासून जोडले होते. खिडकीकडच्या बाळाची ऊब दाराकडच्या बाळाच्या नावावर लागली होती, आणि दाराकडचा हीटर बंद झाला होता. असं होऊ शकतं म्हणूनच तर काकूंनी दोन टाइप केले होते. कुठला सेन्सर कुठल्या खाटेचा, हे वॉर्डात येऊन विचारायचं तेवढं राहून गेलं.

परतल्यावर त्यांनी रूपांतर खोडलं. कंपायलरने पुन्हा अडवलं.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” साहेबाने विचारलं.

“शंका होती.”

“मग बोलला का नाहीत?”

काकूंनी वॉर्डात फोन लावला. “ते बाळ कसंय?”

“अजून गारच आहे,” सिस्टर म्हणाली. “बघू.”