शेऱ्याचा रकाना

"हात पुढं."

एवढे दोनच शब्द. आवाज चढवायचा नाही, डोळे वटारायचे नाहीत. निरगुडीचा फोक आधी स्वतःच्या मांडीवर एकदा सट्‌कन मारून बघायचा, आणि मग समोरच्या पोराच्या तळव्यावर. आमचे पीटीचे सर असे होते. तुमच्याही शाळेत असा एखादा सर असेल, आणि आज चार माणसांत बसल्यावर तुम्ही त्याच्या माराच्या गोष्टी हसत हसत सांगत असाल. मी त्यातली नाही. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता.

मी जालन्याच्या त्या शाळेत संगणकाची बाई म्हणून रुजू झाले, ती दोन हजार सालानंतरची गोष्ट. एमआयडीसीच्या रस्त्यावरची शाळा. निम्मी पोरं रोलिंग मिलच्या मजुरांची, निम्मी त्याच मिलच्या ठेकेदारांची आणि बियाणे कंपन्यांतल्या साहेबांची. मारताना सरांनी हा भेद कधी केला नाही, एवढं मात्र कबूल करते. उशिरा आला, फोक. नखं वाढली, फोक. बुटाची नाडी सुटलेली दिसली तर दोन. संगणक खोलीची खिडकी मैदानावर उघडायची, त्यामुळे बघायचं नसलं तरी सगळं ऐकू यायचं. एकदा आठवीतल्या एका पोराच्या त्यांनी अशी कानाखाली काढली की त्याच्या कानातून रक्त आलं. दवाखान्यात त्यांनीच त्याला सायकलवर बसवून नेलं, औषध आणलं, घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी कानात कापूस घालून तोच पोरगा उशिरा आला, तर त्याला म्हणाले, "हात पुढं."

एकदा घनसावंगीहून येणारी त्यांची बस वाटेत बंद पडली आणि प्रार्थना संपल्यावर ते पोचले. पोरांना त्यांनी वर्गात जाऊ दिलं नाही. सगळ्यांसमोर डावा तळहात पुढं केला आणि उजव्या हाताने त्याच्यावर दोन फोक ओढले. वळ दुपारपर्यंत दिसत होते. शिक्षकखोलीत बाकीचे भारावून गेले. मी सगळ्यांसमोर म्हणाले, याला शिस्त म्हणत नाहीत, वेड म्हणतात. त्यांनी ऐकलं आणि डबा उघडून जेवायला लागले.

अशात पुण्याच्या एका संस्थेचा तो कार्यक्रम आला. शाळकरी पोरांच्या अंगावर चरबी चढू नये म्हणून इंटरनेटवरून त्यांना आहार आणि व्यायाम शिकवायचा. दर शनिवारी पोरांचं वजन करायचं. आठवड्यात काय खाल्लं, किती खेळलो, ते ज्याचं त्याने संगणकावरच्या फॉर्मात भरायचं. मग पडद्यावर त्याचं नाव हिरवं, पिवळं नाहीतर लाल व्हायचं आणि पुढच्या आठवड्याचे व्यायाम चित्रांसकट यायचे. हे सगळं सरांच्या आणि माझ्या गळ्यात पडलं. सर माझ्या खोलीत यायचे ते बूट दाराबाहेर काढून, हात मागे बांधून, देवळात आल्यासारखे. माऊसला त्यांनी कधी बोट लावलं नाही. लांबूनच विचारायचे, "काय म्हणून राह्यलं ते?"

पहिल्या शनिवारी अकरा पोरं लाल निघाली. सरांना इलाज एकच ठाऊक. अकराही जणांना मैदानाला फेऱ्या मारायला लावलं आणि स्वतः फोक घेऊन मागून पळाले. जो मागे पडेल त्याच्या पोटरीवर फटका. सगळ्यात मागे गजू. सहावीतला, एका लेबर ठेकेदाराचा एकुलता एक मुलगा, गोरा, गुबगुबीत, कुणाशी न बोलणारा. चौथ्या फेरीला तो तोंडावर पडला, ओकला आणि त्या ओकारीतच पडून राहिला. सर म्हणाले, ऊठ. तो उठेना तेव्हा फोक वर गेला.

मी अनवाणीच मैदानात धावले आणि तो फोक वरच्या वर धरला. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. कसाई म्हणाले, एवढं आठवतं. अकरा पोरं बघत होती, गजूच्या नाकातोंडातून लाळ गळत होती. सर माझ्याकडे बघत राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मंग शिकवू कसं, बाई?"

चिडून विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांना ते खरंच माहीत नव्हतं. त्यांना कबड्डी कुणीतरी अशीच शिकवली होती, पाढेही असेच शिकवले होते, आणि दुसरी रीत त्यांनी कुठं बघितलेली नव्हती.

तिथंच मी थाप मारली. म्हटलं, या फॉर्मात शिक्षकाच्या वागण्याबद्दल एक शेऱ्याचा रकाना आहे. कुणी पोरावर हात उचलला की मी तिथे टाकणार. ते पुण्याला जातं, पुण्याहून थेट दिल्लीला, आणि एकदा गेलं की पुसता येत नाही. असा रकाना नव्हता. पण आमच्या शाळेच्या अध्यक्षांच्या नातवालाही बडवून काढणारा तो माणूस माझ्या त्या काचेच्या डब्याला भ्यायला. "त्यात टाकू नका, बाई," म्हणाले. मला भारी समाधान वाटलं. आज लाज वाटते.

पडद्यावर लाल झालेल्या पोरांना तरी सर आता हात लावत नव्हते, हे बाकीच्यांच्या ध्यानात यायला आठवडाही लागला नाही. मग वजन वाढून आपलंही नाव लाल व्हावं म्हणून फाटक्या अंगाची, काटकुळी पोरं चड्डीच्या खिशात खडे भरून वजनकाट्यावर चढायला लागली. सरांनी एकाचे खिसे उलटे केले तेव्हा ओंजळभर खडी बाहेर पडली. त्यांचा हात शिवशिवला. त्यांनी माझ्या खिडकीकडे बघितलं, फोक काखेत धरला आणि त्या पोराला ती खडी एकेक करून मैदानाबाहेर टाकून यायला सांगितलं. मार संपला असं मी म्हणत नाही, पण आवाज कमी झाले.

गजूला पळता येत नाही, पण कबड्डीत धरता येतं, हा शोध सरांनी लावला. स्वतः शर्ट काढून चढाईला जायचे आणि गजूने त्यांचा घोटा पकडायचा. रोज सकाळी प्रार्थनेआधी अर्धा तास. पहिले पंधरा दिवस सर सुटून जायचे. मग एक दिवस गजूने त्यांना असं आपटलं की सरांचं कोपर सोलून निघालं, आणि धुळीत पडल्या पडल्या ते हसले. त्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. गजूचेही.

खाण्याचं मात्र अडलं होतं. गजू फॉर्मात खरं लिहायचा. सकाळी मोठा पेला दूध, त्यात तूप, वर दोन लाडू. संध्याकाळी पुन्हा तेच. बापाचा हुकूमच होता. सर एका दुपारी त्याच्या घरी जाऊन आईला भेटले, तिच्यापुढे हात जोडले. तिने बापाच्या नकळत तूप बंद केलं. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी गजूचं नाव पिवळं झालं. सर कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्या नावावर एक बोट हळूच टेकवलं, आणि काचेवर उमटलेला डाग शर्टाच्या टोकाने पुसून टाकला.

गजूच्या बापाचं गाव शहागडजवळ. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नवसाने झालेला हा मुलगा. नवस असा, की दर वाढदिवसाला देवीपुढे त्याची गुळाने तुला करायची आणि तो गूळ गावात वाटायचा. दरवर्षी गुळाच्या भेल्या वाढत गेल्या, आणि ठेकेदाराचं पोरगं यंदा किती भेल्यांचं झालं, याची गावात चर्चा व्हायची. बापाची सगळी ऐट त्या पारड्यात होती. त्या वर्षी आम्हा दोघांनाही आमंत्रण आलं. पुढं काय होणार हे सहावीतल्या पोरालाही कळलं असतं, पण आम्हाला ते सुचलं नाही. सरांना तर वाटत होतं, बाप खूश होईल. जीपमध्ये बसले तेव्हा त्यांच्या अंगात नवा शर्ट होता.

तिथली रीत अशी, की आधी गूळ चढवायचा, मग मूल बसवायचं. चढवलेला गूळ देवीचा. कमी पडला तर वर घालता येतो, उतरवता येत नाही. बापाने स्वतःच्या हाताने गेल्या वर्षीइतक्या भेल्या रचल्या आणि वर हौसेने एक जास्तीची ठेवली. गजूला उचलून दुसऱ्या पारड्यात बसवलं. ते खाली आलं नाही. बापाने कड धरून दाबलं, हात काढला, पुन्हा वर गेलं. गजू लोंबकळत बसला होता. कुणी बाई म्हणाली, खंगलं की हो लेकरू. मागून कुणीतरी हसलं.

बापाने गजूला मानेला धरून खेचलं आणि तोंडावर मारलं. गजू काट्याच्या लोखंडी दांड्यावर आपटला, कपाळ फुटलं. "कुणी उपाशी मारलं तुला?" बाप विचारत होता आणि प्रत्येक शब्दाला मारत होता. गजूने फक्त सरांकडे बघितलं.

सर तोवर मध्ये घुसले होते. गजूला त्यांनी पोटाशी घेतलं आणि वाकून त्याच्यावर पाठ केली. बापाने काट्याला टेकू दिलेली सळई उपसली. मिलमधली त्याची तीन माणसं धावून आली. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर, मग लाथा, मग मोजदाद राहिली नाही. नवा शर्ट पाठीवर फाटला, आत मांस दिसत होतं. सरांची मूठ वळली, ती मी बघितली. त्या चौघांना लोळवायची ताकद त्या माणसात होती. त्यांनी मान वर करून गर्दीत मला शोधलं. मी सापडले. मूठ उघडली, आणि दोन्ही तळवे त्यांनी गजूच्या डोक्यावर झाकणासारखे ठेवले.

मी ओरडत होते, "सर, मारा. मारा त्यांना."

मी, जिने त्यांना कसाई म्हटलं होतं. सळई उजव्या मनगटावर आली आणि हाड मोडल्याचा आवाज मला तिथवर ऐकू आला. लोकांनी सोडवलं तेव्हा गजू त्यांच्या पोटाखाली होता. कपाळावरच्या खोकेशिवाय त्याला कुठं लागलं नव्हतं.

जालन्याच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं नाही. फुटलेल्या ओठांनी म्हणाले, "मी हात उचलला न्हाई, बाई. तेवढं टाका त्यात."

बापाने पोलिसांना सांगितलं, मास्तराने पोरगं उपाशी ठेवलं. शाळेच्या संस्थाचालकांनी ते मिटवलं. गजूला शाळेतून काढून लांबच्या वसतिगृहात टाकलं, कार्यक्रम बंद झाला, आणि सरांची बदली त्यांच्याच खेड्यातल्या दुसऱ्या शाळेवर झाली. जायच्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. बूट दाराबाहेर, उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात फोक. म्हणाले, दाखवा बाई, कसं टाकलंय.

मी खुर्चीवरून उठले. म्हणाले, "सर, असा रकानाच नाही. कधीच नव्हता. मी खोटं बोलले."

ते काळ्या पडद्याकडे बघत राहिले. "मंग तिकडं काहीच गेलं न्हाई?"

"नाही."

त्यांनी फोक स्वतःच्या मांडीवर सट्‌कन मारला.

"हात पुढं."

मी हात पुढं केला. पोरं करतात तसे डोळे मिटले, बोटं ताठ धरली. मार मला हवा होता, खरंच हवा होता. थोड्या वेळाने टेबलावर लाकूड ठेवल्याचा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा फोक टेबलावर होता आणि सर उंबऱ्यात बसून बूट घालत होते. डाव्या हाताने नाडी बांधता येईना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, मग तसेच उठले.

मैदानावर सातवीची पोरं रांगेत उभी होती. सर त्यांच्यासमोरून सरळ, छाती काढून, फाटकाकडे गेले, दोन्ही नाड्या धुळीत ओढत. एकही पोरगं हसलं नाही. मी धावत जाऊन त्या बांधायला हव्या होत्या. मी खिडकीशी उभी होते, आणि माझा हात अजून तसाच पुढं होता.