घोडी, म्हैस आणि कन्हानचा उतार

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी माझी बदली कामठीला झाली. ट्रान्सपोर्ट प्लाटूनमध्ये मी हवालदार होतो. नागपूरच्या मालधक्क्यावर रेल्वेने येणारं जड सामान उचलायचं आणि कामठीच्या डेपोत पोचवायचं, हे आमचं रोजचं काम. जनरेटर, पाण्याच्या टाक्या, पुलाचे लोखंडी भाग, जे येईल ते. रस्त्यात बंद पडलेले फौजी ट्रकही आम्हीच ओढून आणायचो.

त्या हिवाळ्यात आमच्या जुन्या ओढगाडीची चॅसिस तडकली. वर्कशॉपने तिला रद्द केलं. तिच्या जागी दोन गाड्या ट्रायलसाठी मिळाल्या आणि त्यांतली एक ठेवून घ्यायची होती. दोन्ही लढाईच्या काळातल्या, दोन्ही चालू. पहिली पेट्रोलवर चालणारी, हलकी, लांब नाकाची, चारही चाकांना जोर असलेली. दुसरी डिझेलची, सहा चाकांची, अतिशय जड आणि अतिशय संथ. ड्रायव्हर लोकांनी पहिल्याच दिवशी त्यांची नावं ठेवली. पहिली घोडी, दुसरी म्हैस.

घोडीचा सर्वांत मोठा भक्त नाईक शेषराव. तो उमरेडचा, विणकराच्या घरातला. प्लाटूनमध्ये त्याच्याइतका चांगला ड्रायव्हर दुसरा नव्हता आणि हे तो स्वतःही सांगायचा.

"हवालदारसाहेब, तुमाले म्हैस काहून पाहिजे?" तो मला म्हणाला. "मालधक्क्यावरून निघाली तं कामठीले पोचेपर्यंत माणूस पेन्शनीत जाईल."

"पोचेल तरी."

"घोडीबी पोचते. वरून जेवायच्या टायमाले पोचते."

कॅप्टनसाहेब पंजाबचे. त्यांना वेग आवडायचा, पण ते घाईने निर्णय घेणारे नव्हते. त्यांनी मला ट्रायलचा क्रम ठरवायला सांगितलं. आमच्याकडे नवीन गाडी तपासायची ठरलेली रीत होती. भार लादायचा, मागे ट्रेलर जोडायचा आणि चढ चढून दाखवायचा. चढली की पास. मी त्यात एक कलम वाढवलं: तोच भार, तोच ट्रेलर घेऊन उतरून दाखवायचं. जड ट्रेलर मागे असला की उतारावर गाडी त्याला ओढत नाही, तो गाडीला ढकलतो. पुलाचं सामान उतरवणं, वाळूत अडकलेले ट्रक ओढणं, अशी आमची निम्मी कामं नदीकाठची होती आणि नदीकडे जाणारा प्रत्येक रस्ता उताराचा.

"बराबर," कॅप्टनसाहेब म्हणाले. "दोनो करके देखेंगे."

शेषराव हसला. "मीच आणतो ना दोन्ही खाली. मंग तं तुमची तक्रार नाई?"

"नाही."

कन्हान नदीवर वाळूघाटाकडे उतरणारा एक मुरमाचा रस्ता होता. सरळ, पण बऱ्यापैकी तीव्र. डाव्या हाताला जुनी खदान, तिची उभी दरड भिंतीसारखी रस्त्याला लागून. खाली पायथ्याशी रस्ता सपाट होऊन वाळूत शिरायचा. सकाळी आठला आम्ही तिथे होतो. दोन्ही गाड्यांना सारखीच वाळूची पोती, ट्रेलरवर रेल्वेच्या रुळांचे तुकडे.

चढाची परीक्षा घोडीने सहज जिंकली. म्हैस धूर ओकत, गुरगुरत वर आली तेव्हा शेषराव तिच्या खिडकीतून ओरडला, "साहेब, चहा आला काय? मी तं रस्त्यात दाढी करून घेतली!" कॅप्टनसाहेबही हसले.

मग उतार. उताराला एक नियम असतो. जो गिअर लागेल तो वरच टाकायचा, मध्ये बदलायचा नाही. शेषरावने म्हैस लो गिअरमध्ये टाकली आणि ती इंजिनाच्या जोरावरच खाली गेली. ब्रेकला त्याने जेमतेम पाय लावला.

"झोप लागून राहिली होती," परत वर आल्यावर तो म्हणाला आणि घोडीत जाऊन बसला.

खाली आमचा एक शिपाई लाल झेंडी घेऊन उभा होता. ट्रायल चालू असताना वाळूच्या बैलबंड्या अडवायच्या, असा त्याला हुकूम. याच वेळी घाटावरून वाळूने भरलेल्या पाच बंड्या निघाल्या. शिपायाने झेंडी दाखवली. बंडीवाल्यांनी बैल थांबवले, सरळ रस्त्यावरच, एकामागे एक. फौजेची झेंडी दिसली की जिथे असाल तिथे उभं राहायचं, हे कामठीच्या आसपास लहान पोरालाही माहीत होतं. बंड्या रस्त्याच्या बाजूला घ्यायला कोणी सांगितलं नाही.

घोडी निघाली. लो गिअर, वेग बरोबर. निम्म्या उतारावर मागची चाकं मुरमावर घसरू लागली. ट्रेलर ढकलत होता. ब्रेकचे दिवे लागले आणि लागलेलेच राहिले. मग इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला. गिअर निसटला होता.

"रोको उसे!" कॅप्टनसाहेब ओरडले. थांबवण्यासारखं आमच्या हातात काही नव्हतं.

शेषरावपुढे दोन वाटा होत्या. सरळ गेला असता तर पायथ्याच्या मऊ वाळूत गाडी रुतून थांबली असती आणि तो वाचला असता. पण सरळ वाटेवर बंड्या होत्या, बैल होते, बंड्यांवर माणसं होती. त्याने हॉर्न दाबून धरला. बंड्या हलल्या नाहीत. त्याने गाडी डावीकडे दरडीत घातली. मागचा ट्रेलर केबिनवर चढला.

आम्ही खाली पोचलो तेव्हा तो गेला होता.

चौकशी झाली. कोणावर ठपका आला नाही. त्या दिवसापासून प्लाटूनमध्ये झेंडीच्या हुकमाला एक वाक्य जोडलं गेलं: वाहनं थांबवा आणि रस्ता मोकळा करा. आता मी नोकरीतून निवृत्त झालो आहे. नागपुरातले वखारवाले, मालवाहतूकवाले मला विचारायला येतात, जड मालासाठी कोणता ट्रक घ्यावा. मी सांगतो, ताकद सगळेच बघतात, तुम्ही वजन, ब्रेक आणि लो गिअर बघा. भरलेल्या ट्रेलरसह उतारावर चालवून बघा आणि उताराखाली कोणाला उभं राहू देऊ नका. ती परीक्षा घेणं बरोबर होतं, असं मी आजही मानतो. तिची किंमत शेषरावने दिली, हेही तितकंच खरं.

अपघातानंतर शेषरावचा अंत्यविधी उमरेडला झाला. मी सोबत गेलो होतो. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी त्याचे वडील माझ्याजवळ येऊन बसले. घरातला माग बंद होता.

"मागच्या सुट्टीत आला होता," ते म्हणाले. "दोन गाड्यांचंच सांगून राहिला होता. हवालदारसाहेबांची म्हैस अन् माही घोडी. मंग, कोणती घेतली?"

"म्हैस."

त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "खाली माणसं होती म्हणतेत."

"पाच बंड्या होत्या. माणसं होती."

"कोणाले लागलं?"

"कोणालाच नाही. बैलालासुद्धा नाही. त्याने मुद्दाम गाडी दरडीत घातली."

म्हाताऱ्याने आतल्या खोलीकडे हात केला.

"हे त्याच्या मायले तुमी सांगा, साहेब. ती म्हणून राहिली, पोराले गाडी सांभाळता नाई आली. माह्या तोंडून तिले पटत नाई."

मी बूट काढले आणि आत जाऊन सांगितलं.