कुत्र्याच्या नावाची भिशी

रावेरकडच्या केळीच्या मळ्यावर आम्ही सालदार म्हणून आलो तेव्हा माझ्याजवळ दोन पिशव्या होत्या आणि तोंडात माहेरची बोली. पिशव्यांना कोणी हसलं नाही. मी पिंपळनेरकडची, म्हणजे धुळ्याच्याही पलीकडची. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, नवऱ्याला इथं ट्रॅक्टरचं काम मिळालं म्हणून एवढ्या लांब आले. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "पानी कोठे शे?" घड उतरवणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. वाईट मनानं नव्हे, हे आता कळतं. तेव्हा मात्र मी बोलायचंच कमी केलं. काही चुकलं तर काढून टाकतील, ही भीती मला तशीही कायम असते.

बोलायला मला कुत्रा मिळाला. केळीच्या वाळक्या पानांच्या ढिगात एक तपकिरी पिल्लू कुईकुई करत होतं, एक कान पडलेला. मळ्याचे मालक, त्यांना सगळे आबा म्हणतात, बघून म्हणाले की राहू दे राखणीला, पण नाव ठेवू नको, नाव ठेवलं की माया लागते. मी नाव ठेवलं नाही. माया लागायची ती लागलीच. रोज भाकरी टाकताना मी त्याच्याशी आमच्या बोलीत बोलायची. तो कान टवकारून ऐकायचा, एकच का होईना.

दात आले आणि घोळ सुरू झाला. आमच्याकडं केळीला पाणी ठिबकनं देतात. ओळीओळीनं काळ्या नळ्या अंथरलेल्या असतात. मोटार चालू केली की आधी नळीतली हवा फुसफुसते, मग पाणी गुरगुरतं. कुत्र्याला वाटायचं, आत कोणीतरी जिवंत आहे. एका सकाळी बघते तर चार ठिकाणी कारंजी उडताहेत आणि हा मधोमध ओला होऊन शेपूट हलवतोय.

आबा ओरडत नाहीत, हळू बोलतात, म्हणून जास्त भीती वाटते. ते म्हणाले, "मृगाला नवी लागवड आहे. नवीन नळी टाकणार आहे. तिला याचा एक दात लागला तर मी याला तापीपलीकडं सोडून येईन. मग रडत माझ्याकडं येऊ नको."

मृगाला दोन महिने होते.

बायांच्या टोळीची मुकादम, जिला सगळ्याच जणी अक्का म्हणतात, तिनं उपाय सांगितला. नळीला मिरची लाव, पुन्हा तोंड लावणार नाही. मी वाटीभर लाल तिखट तेलात कालवलं आणि दुपारभर वाकून नळ्यांना चोपडलं. दुसऱ्या दिवशी कुत्रा ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नळी चाटत निघालेला. चाटून झाल्यावर आनंदानं चावा. चूक आमचीच. लहानपणापासून त्याला शेवभाजीचा उरलेला रस्सा आणि ठेच्याची भाकरी घालून वाढवलेला, त्याला तिखटाचं काय भय? अक्का हसून हसून बांधावरच बसली. म्हणाली, "अगं, हा तर आपल्यातलाच निघाला."

मी हसले नाही. पण त्या दिवसापासून त्याच्याकडं नीट बघायला लागले. एक गोष्ट ध्यानात आली. मोटार चालू झाल्यावर तो लगेच चावत नाही. आधी नळीकडं बघतो, मग क्षणभर माझ्याकडं बघतो, आणि मग चावतो. तेवढा क्षण माझ्या हातात होता.

घरी बिबड्यांचा चुरा पडलेला होता. ज्वारीच्या या पापडासारख्या बिबड्या तळल्या की कुरकुर वाजतात, आणि या कुत्र्याचा त्यांच्यावर फार जीव. मी जुन्या नळीचा हातभर तुकडा घेतला, त्याला तोंडात धरू दिला, बिबडीचा तुकडा नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "सोडी दे." सोडलं की बिबडी. असं रोज, कामाला जायच्या आधी थोडं आणि आल्यावर थोडं. जास्त केलं की तो कंटाळून निघून जायचा. मग नळी जमिनीवर ठेवली आणि तोंड लावायच्या आधीच हाक मारली, "आठे ये," म्हणजे इकडं ये. आला की बिबडी. नाही आला तर काही नाही, मारही नाही. माझा नवरा म्हणायचा, एवढा जीव लावून मला कधी जेवायला हाक मारली नाहीस. पुढं "बठ" शिकवलं, "थांब" शिकवलं. मोटार चालू असतानाही तो नळी सोडून माझ्याकडं धावत आला तेव्हा मी एकटीच ओळीत उभी होते. दाखवायला कोणी नव्हतं. मीच माझ्यासाठी दोनदा टाळी वाजवली.

मृग दहा-बारा दिवसांवर आला आणि कुत्रा जेवेना. अंग तापलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक. कानाच्या आत गोचीड द्राक्षांसारखे लटकलेले. मी एकेक काढले, तरी तो उठेना. आबांनी येऊन बघितलं. ते म्हणाले की जळगावला कुत्र्यांचा दवाखाना आहे, पण तिथला खर्च तुला झेपायचा नाही, इथं माणसंसुद्धा सलाईन लावायच्या आधी चार वेळा विचार करतात. ते काही खोटं बोलत नव्हते.

त्याच संध्याकाळी कामावरून सुटल्यावर आमची भिशी होती. आम्ही अकरा जणी दर महिन्याला सारखी रक्कम टाकतो, चिठ्ठी निघेल तिला सगळी मिळते. स्टीलच्या पेल्यातून चिठ्ठी निघाली ती अक्काची. ती तीन महिन्यांपासून कूलर घ्यायचा म्हणत होती आणि ऊन तर असं की पत्र्याखाली बसवत नव्हतं. मला मागायचं धाडस नव्हतं. मी ठरवून ठेवलं होतं की नीट, इथल्यासारखं बोलायचं, पण तोंडातून निघालं ते निघालंच.

"अक्का, मना कुत्रा मरी जाई."

कोणी हसलं नाही. अक्कानं पैसे पदरात बांधले होते, ते सोडले.

"माझी शेळी मी उद्या-उद्या करत घालवली," ती म्हणाली. "माझा नंबर तू घे. तुझा येईल तेव्हा मी कूलर घेईन. तोवर थंडी पडेल, पण ते माझं मी बघते."

सकाळी केळी घेऊन जळगावला निघालेल्या पिकअपमध्ये मी मागं बसले, गोणपाटात गुंडाळलेला कुत्रा मांडीवर. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम माझ्याहून लहान असतील. मी आत जाताच सांगून टाकलं की माझ्याकडं एवढेच आहेत, आधी खर्च सांगा. मला वाटलं, हाकलतील. त्यांनी कागद घेतला आणि लिहून दिलं, आज काय केलंच पाहिजे, काय आठवडाभर थांबलं तरी चालेल, आणि काय सरकारी दवाखान्यात कमी पैशात होईल. आजवर मला कोणी खर्च असा आधी सांगितला नव्हता. गोचिडांमुळं आलेला ताप होता. रक्त तपासायचं, तीन दिवस सुया, मग जवळजवळ महिनाभर गोळ्या.

सुई लावायची वेळ आली तशी मॅडमनी त्याचं तोंड बांधायला पट्टी काढली. मी म्हणाले, एकदा बघू का? आणि हळूच म्हटलं, "बठ. थांब." तो तेवढ्या तापात बसला आणि माझ्याकडं बघत राहिला. सुई गेली, आली. तो हलला नाही.

मॅडमनी विचारलं, "याला कुणी शिकवलं?"

मला वाटलं, काहीतरी चुकलं. "मीच," मी म्हणाले. "घरीच. बिबड्यांवर."

त्यांनी दुसऱ्या खोलीतल्या माणसाला बोलावून आणलं आणि मला पुन्हा करून दाखवायला लावलं. शाळेत असताना मला फळ्यापुढं कधी बोलावलं नव्हतं.

निघताना त्यांनी सांगितलं की बरा झाल्यावर दर वर्षी रेबीजची लस, जंताचं औषध, गोचिडाचं औषध लागेल, एकदम भार पडतो, म्हणून दर महिन्याला थोडं बाजूला ठेवा. गोळ्या मी पिकल्या केळात घालून दिल्या. रावेरच्या कुत्र्याला तेवढी तरी चैन हवी. चौथ्या दिवशी त्यानं केळ खाल्लं आणि गोळी थुंकली, तेव्हा मी ओळखलं की आता हा जगतो.

मृगाची लागवड झाली. नवीन नळ्या चकचकीत, ओळी सरळ. आबा मोटारीच्या खोलीपाशी उभे, बाया बांधावर, आणि कुत्रा माझ्या पायाशी, अजून बरगड्या दिसणारा. आबांनी बटन दाबलं. नळी फुसफुसली. तो उठला, पुढं गेला, नळीवर वाकला. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यानंच मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि न बोलावता परत येऊन पायाशी बसला. बांधावर बायांनी टाळ्या वाजवल्या. बिबडीचा तुकडा मुठीत घामानं मऊ झाला होता, तरी त्यानं खाल्ला.

भिशीत आता बारा वाटे आहेत. बारावा त्याचा. तो मीच भरते, पण चिठ्ठीवर कुत्र्याचं चित्र काढायचा मान अक्काचा. ते शेळीसारखं दिसतं. कूलर तिला दिवाळीत मिळाला.

आणि आबा. परवा मी घड वाहत होते तर मळ्याच्या दुसऱ्या टोकाला ते एकटेच उभे. कुत्रा नव्या नळीशी काहीतरी हुंगत होता. त्यांनी "इकडं ये" म्हणून पाहिलं, "चल हट" म्हणून पाहिलं. तो ढिम्म. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, घसा साफ केला, आणि माझ्या माहेरचे शब्द, थोडे वाकडे, पण खणखणीत, केळीच्या ओळीतून माझ्यापर्यंत आले.

"आठे ये रे, भो."

कुत्रा गेला. मी घड खाली ठेवला नाही, पण चालायचं थांबले.